‘द माऊसट्रॅप’च्या स्वाक्षऱ्या: नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

लंडनच्या वेस्ट स्ट्रीटवरील सेंट मार्टिन्स थिएटरच्या प्रवेशदालनात एक लाकडी फलक आहे आणि त्यावर त्या दिवशीच्या प्रयोगाचा क्रमांक लावलेला असतो. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माऊसट्रॅप’ हे रहस्यनाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झाले आणि १९ मार्च २०२५ रोजी त्याचा ३०,००० वा प्रयोग झाला. या नाटकाच्या स्वाक्षऱ्या जमवू इच्छिणाऱ्याने कोणतीही खरेदी करण्याआधी त्या फलकाचा अर्थ समजून घ्यावा. एवढ्या वर्षांत नटसंच पुन्हा पुन्हा बदलले, एकेका भूमिकेत कितीतरी कलाकार येऊन गेले, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज लंडनमधील नाट्यरसिकांनाही आठवत नाहीत. अशा नाटकात सुटी स्वाक्षरी फारसे काही सांगत नाही. ती कोणी केली, कोणत्या भूमिकेत असताना केली आणि कोणत्या प्रयोगाच्या दिवशी केली, ही तीन उत्तरे तिच्यासोबत असतील तरच ती या नाटकाच्या इतिहासाचा तुकडा ठरते. पुढील सर्व सूचना या एकाच विचारावर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: कालक्रम पाठ करावा

विक्रेत्याचे वर्णन खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे नाटकाचा कालक्रम, आणि तो मिळवायला पैसे पडत नाहीत. ३० मे १९४७ रोजी बीबीसीने राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ख्रिस्ती यांची ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही नभोनाटिका प्रसारित केली. त्याच कथानकावरून त्यांनी पुढे दीर्घकथा लिहिली आणि मग नाटक. ही कथा अमेरिकेत १९५० मध्ये पुस्तकातून प्रसिद्ध झाली. मात्र नाटक लंडनमध्ये चालू असेपर्यंत ती ब्रिटनमध्ये छापली जाऊ नये, अशी ख्रिस्ती यांची अट होती. त्यामुळे या कथेची ‘स्वाक्षरी असलेली ब्रिटिश पहिली आवृत्ती’ कोणी विकायला काढली, तर पुढे चौकशी करण्याचेही कारण उरत नाही. ‘थ्री ब्लाइंड माइस’ हे मूळ नाव असलेली कागदपत्रे नभोनाटिकेची किंवा कथेची असतात, हेही ध्यानात ठेवावे, कारण ती अनेकदा नाटकाची म्हणून विकली जातात.

नाटकाचा पहिला प्रयोग ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये झाला. नंतर आणखी काही शहरांत प्रयोग करून ते लंडनच्या अँबॅसडर्स थिएटरमध्ये आले आणि २३ मार्च १९७४ पर्यंत तेथेच राहिले. तो शनिवार होता. सोमवारी, २५ मार्चला, ते शेजारच्याच सेंट मार्टिन्समध्ये उभे राहिले आणि सलगतेत खंड पडला नाही. खंड पडला तो करोनामुळे, १६ मार्च २०२० ते १७ मे २०२१ या काळात. अँबॅसडर्सचे नाव १९९९ ते २००७ या काळात ‘न्यू अँबॅसडर्स’ असे होते, तोपर्यंत ‘द माऊसट्रॅप’ तेथून हलून पंचवीस वर्षे झाली होती. म्हणून पन्नाशीच्या दशकातील म्हणून दाखवलेल्या एखाद्या भित्तिपत्रकावर ‘न्यू अँबॅसडर्स’ असे छापलेले आढळले, तर ते मागाहून तयार केलेले आहे असे समजावे.

येथे एक साधा हिशेब फार कामी येतो. आठवड्याला आठ प्रयोग धरले तर वर्षाला सुमारे ४१६ प्रयोग होतात. प्रयोगक्रमांकाला ४१६ ने भागून येणारी वर्षे नोव्हेंबर १९५२ मध्ये मिळवली, की त्या प्रयोगाची तारीख अंदाजे कळते. १०,००० व्या प्रयोगासाठी हा हिशेब १९७६ च्या अखेरीस येतो, आणि तो प्रयोग खरोखरच डिसेंबर १९७६ मध्ये झाला; २५,००० वा प्रयोग १८ नोव्हेंबर २०१२ रोजी झाला, तोही याच हिशेबात बसतो. करोनाच्या खंडानंतरच्या वस्तूंसाठी मात्र ३०,००० व्या प्रयोगापासून मागे मोजत जाणे अधिक बरोबर ठरते.

दुसरी पायरी: संग्रहाची सीमा आखावी

‘या नाटकाचे मिळेल ते’ असे धोरण ठेवणाऱ्याकडे दोन वर्षांत कागदांचा ढीग होतो आणि त्या ढिगातून काहीच सांगता येत नाही. नाटकात आठ पात्रे आहेत: मॉली आणि जाइल्स राल्स्टन, ख्रिस्तोफर रेन, मिसेस बॉइल, मेजर मेटकाफ, मिस केसवेल, मिस्टर पॅराविचिनी आणि डिटेक्टिव्ह सार्जंट ट्रॉटर. नवोदिताने यांतील एकच भूमिका निवडून ती करणाऱ्या कलाकारांच्या स्वाक्षऱ्या वर्षावर्षाने मिळवाव्यात, किंवा एकाच नटसंचाच्या आठही स्वाक्षऱ्या एका कार्यक्रमपत्रिकेवर पूर्ण कराव्यात. मला पहिला मार्ग अधिक आवडतो. एकाच भूमिकेच्या सत्तर वर्षांच्या स्वाक्षऱ्या ओळीने मांडल्या म्हणजे या नाटकाचे दीर्घायुष्य जसे दिसते, तसे ते दुसऱ्या कशातून दिसत नाही. दुसरा मार्ग सोपा आणि स्वस्त आहे, आणि पहिल्याच भेटीत पूर्ण होण्याची शक्यता असते.

तिसराही एक मार्ग आहे, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि म्हणून माझ्या मते सर्वांत समाधान देणारा आहे. या नाटकाला टिकवून ठेवणारी कितीतरी माणसे जाहिरातीत कधी ठळकपणे आली नाहीत. डेव्हिड रेव्हन यांनी मेजर मेटकाफची भूमिका ४,५७५ वेळा केली. नॅन्सी सीब्रूक पंधरा वर्षे बदली कलाकार म्हणून ६,२४० प्रयोगांना हजर राहिल्या, आणि त्यांतील फार थोड्या वेळा त्यांना रंगमंचावर जाण्याची संधी मिळाली. डेरिक गायलर यांनी वाचलेल्या रेडिओ बातम्यांचे ध्वनिमुद्रण पहिल्या प्रयोगापासून वापरले जात आहे. रंगमंचावर ते कधीच दिसले नाहीत, तरी त्यांचा आवाज रोज ऐकू येतो. अशा व्यक्तींच्या स्वाक्षऱ्यांना मोठ्या नटांच्या स्वाक्षऱ्यांएवढी किंमत पडत नाही, आणि त्या खोट्या बनवण्यात कोणाला फारसा फायदाही नसतो.

शिखरावर अर्थातच मूळ नटसंच आहे. रिचर्ड अ‍ॅटनबरो हे पहिले सार्जंट ट्रॉटर आणि त्यांच्या पत्नी शीला सिम या पहिल्या मॉली राल्स्टन. भारतीय वाचकांना अ‍ॅटनबरो ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून परिचित आहेत, आणि कस्तुरबांच्या भूमिकेतील रोहिणी हट्टंगडी यांच्यामुळे मराठी माणसाला तो चित्रपट विशेष जवळचा आहे. या नाटकाचा आणि ‘गांधी’चा प्रत्यक्ष संबंध आहे. अ‍ॅटनबरो दांपत्याने ‘द माऊसट्रॅप’च्या नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता, आणि त्यातील उरलेला हिस्सा अ‍ॅटनबरो यांनी पुढे ‘गांधी’ची निर्मिती तगवण्यासाठी विकून टाकला. त्यामुळे भारतातील संग्राहकाने १९५२-५३ च्या कार्यक्रमपत्रिकेवरील त्यांच्या स्वाक्षरीचा ध्यास घेतला, तर त्याला सबळ कारण आहे. ‘गांधी’च्या काळातील त्यांच्या स्वाक्षऱ्या भारतातही मिळतात आणि तुलनेसाठी त्या उपयोगी पडतात, पण त्या या संग्रहाचा भाग नव्हेत.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष प्रयोगाला जाऊन स्वाक्षरी घेणे

लंडनला जाण्याचा योग असेल, तर सुरुवात येथूनच करावी. सेंट मार्टिन्स हे जेमतेम साडेपाचशे आसनांचे नाट्यगृह आहे. मोठ्या संगीत नाटकांनंतर स्टेज डोअरपाशी, म्हणजे कलाकारांच्या ये-जा करण्याच्या दारापाशी, होते तशी झुंबड येथे होत नाही आणि कलाकाराशी दोन वाक्ये बोलता येतात. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन्ही भुयारी रेल्वे स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. थोडे आधी पोहोचून फलकावरील क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे आणि कार्यक्रमपत्रिका विकत घ्यावी. त्या दिवशी एखादी भूमिका बदली कलाकार करणार असेल, तर तशी सूचना लावलेली किंवा चिठ्ठीच्या रूपाने पत्रिकेत घातलेली असते. ही चिठ्ठी पुष्कळ लोक तेथेच टाकून देतात. संग्राहकाने ती जपून ठेवावी, कारण पत्रिकांवर अनेकदा तारीख नसते आणि पुढे ती रात्र निश्चित करण्याचे काम असल्या चिठ्ठीनेच होते. तिकीट मोबाईलवर आले असेल, तर तिकीट खिडकीवर छापील तिकीट मिळेल का, असे नम्रपणे विचारावे.

पत्रिकेवर स्वाक्षरी कोठे घ्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे: मुखपृष्ठावर घेऊ नये. मुखपृष्ठावर आठ जणांच्या स्वाक्षऱ्या एकमेकींवर चढतात, आणि दहा वर्षांनी कोणती कोणाची हे खुद्द संग्राहकालाही सांगता येत नाही. आतील पानावर कलाकाराचे छायाचित्र आणि परिचय असतो. तेथे घेतलेली स्वाक्षरी आपोआप नावाशी आणि भूमिकेशी बांधली जाते. पान गुळगुळीत असेल तर बारीक टोकाचा, गडद निळ्या किंवा काळ्या शाईचा कायमस्वरूपी मार्कर द्यावा आणि शाई वाळेपर्यंत पत्रिका मिटू नये. कागद खरखरीत असेल तर साधे बॉलपेन पुरते. कोणता कागद आहे हे आधी कळत नसल्याने दोन्ही पेने खिशात असावीत. आपल्याला आठवण म्हणून स्वतःचे नाव लिहून हवे असेल तर खुशाल मागावे. त्याने पुनर्विक्रीची किंमत कमी होते असे व्यापारी म्हणतात, पण कलाकाराच्या हस्ताक्षराचा तेवढाच मोठा नमुना त्यामुळे हाती येतो.

प्रयोग संपल्यावर स्टेज डोअर कोठे आहे ते कर्मचाऱ्यांना विचारून रस्ता मोकळा राहील असे उभे राहावे. दुपार आणि रात्र असे दोन प्रयोग असलेल्या दिवशी मधल्या वेळेत कलाकारांना अडवू नये, कारण तो त्यांचा विश्रांतीचा वेळ असतो. रात्रीच्या प्रयोगानंतर थांबावे. एका व्यक्तीकडे एकच वस्तू पुढे करावी. पाच कोऱ्या कागदांवर सह्या मागणारा माणूस विक्रेता आहे, हे कलाकार लगेच ओळखतात, आणि मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या खऱ्या रसिकालाही नकार मिळतो. कोणी न थांबता निघून गेले तर ते मुकाट्याने स्वीकारावे. घरी परतण्यापूर्वी, त्याच रात्री, वहीत तारीख, प्रयोगक्रमांक, स्वाक्षरी देणाऱ्यांची नावे, भूमिका आणि ज्यांची राहिली त्यांची नावे लिहून ठेवावीत.

मे २०२१ मध्ये नाटक पुन्हा सुरू झाले तेव्हा दोन नटसंच आलटूनपालटून काम करत होते. त्या काळातील पत्रिकेवर दोन्ही संचांच्या स्वाक्षऱ्या असतील, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. उलट तशी पत्रिका मिळवायला कोणीतरी दोनदा गेले होते, एवढाच त्याचा अर्थ होतो. २०१२ मध्ये साठ वर्षांच्या निमित्ताने ब्रिटनभर दौरा सुरू झाला, आणि दौऱ्याचा नटसंच लंडनच्या संचाहून वेगळा असतो. दौऱ्यातील पत्रिका वेगळ्या कप्प्यात ठेवावी, कारण फलकावरचा क्रमांक तिला लागू पडत नाही.

चौथी पायरी: भारतातून टपालाने विनंती

पत्र नाट्यगृहाच्या पत्त्यावर, कलाकाराच्या नावाने पाठवता येते. पत्र एका पानाचे, शक्यतो हाताने लिहिलेले असावे आणि त्यांची कोणती भूमिका आपल्याला का आवडली, हे त्यात दोन वाक्यांत यावे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले परतीचे पाकीट, तसेच स्वाक्षरी टिकेल असे जाड कार्ड ठेवावे. अडचण येते ती तिकिटांची, कारण भारतीय तिकिटे तेथून परत येण्यासाठी चालत नाहीत. ब्रिटनच्या नेहमीच्या वापराच्या तिकिटांवर आता बारकोड असतो, आणि बारकोड नसलेली तशी जुनी तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर बाद झाली आहेत. चित्रे असलेली खास तिकिटे मात्र चालतात. तेथे राहणाऱ्या नातेवाइकाकडून भारतापर्यंतच्या दराची तिकिटे मागवून घेणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. नटसंच बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर पत्र पाठवू नये. ते मागे पडून राहते. स्वतःकडची जुनी, दुर्मीळ पत्रिका टपालात कधीही घालू नये.

पाचवी पायरी: जुन्या वस्तू विकत घेणे आणि पारखणे

नवा माणूस सर्वाधिक फसतो तो या पायरीवर, म्हणून येथे घाई करू नये. निदान काही महिने नुसते पाहावे: लिलावांच्या याद्या वाचाव्यात, एकाच कलाकाराच्या निरनिराळ्या काळातील स्वाक्षऱ्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत, आणि किमती टिपून ठेवाव्यात. लिलावात हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतले जाते. ते २०-२५ टक्के आणि कधी त्याहूनही अधिक असते, शिवाय त्यावर कर, विमा, टपालखर्च आणि भारतात आल्यावर सीमाशुल्क लागू शकते. बोली लावण्यापूर्वी हा सगळा आकडा कागदावर मांडावा. विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ असे लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवायला सांगू नये. ते बेकायदेशीर आहे आणि वस्तू हरवली तर भरपाईही त्या कमी रकमेचीच मिळते.

स्वाक्षरी पाहताना अक्षरांच्या आकाराआधी रेषेचा ओघ पाहावा. सवयीने केलेली सही वेगात होते. रेषेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, दाब कमीजास्त होतो. पाहून काढलेली सही संथ असते, तिच्यात बारीक कंप आणि मध्येच पेन उचलल्याच्या खुणा दिसतात. भिंगातून पाहिल्यावर रंगाचे ठिपके दिसले तर ती सही छापलेली आहे. नंतर शाई आणि काळ यांचा मेळ घालावा. बॉलपेन १९५२ मध्ये प्रचारात होते, पण आज ओळखीचा असलेला कायमस्वरूपी मार्कर साठीच्या दशकात आला. म्हणून पहिल्या वर्षीच्या पत्रिकेवर मार्करने केलेली सही ‘पहिल्या रात्री घेतलेली’ असूच शकत नाही. मात्र तेवढ्यावरून ती खोटी ठरवणेही चूक आहे. अ‍ॅटनबरो २०१४ पर्यंत आणि शीला सिम २०१६ पर्यंत हयात होत्या, आणि एखाद्या रसिकाने जुनी पत्रिका अनेक वर्षांनी त्यांच्यापुढे धरली असण्याची शक्यता आहे. अशी सही खरी असते, फक्त तिची किंमत आणि तिची हकिकत वेगळी असते. विक्रेता ती हकिकत प्रामाणिकपणे सांगतो का, यावरून पुष्कळ कळते.

पत्रिकेतील छापील नटसंच आणि सह्या जुळतात का, हेही पाहावे. ज्या संचात अ‍ॅटनबरो नव्हते त्या संचाच्या पत्रिकेवर त्यांची सही, बाकीच्यांच्याच शाईत आणि एकाच तिरकसपणाने असेल, तर ती नुसतीच गंमत समजून सोडून देऊ नये. आठही सह्या एकाच हाताच्या वाटल्या तर कोणीतरी एकट्याने बसून त्या केल्या असाव्यात.

अगाथा ख्रिस्ती यांच्या स्वाक्षरीबद्दल माझा सल्ला आहे की नवोदिताने तिच्या मागे लागू नये. त्या १२ जानेवारी १९७६ रोजी वारल्या. त्यांच्या स्वाक्षरीला मागणी जगभर आहे, किंमत मोठी आहे आणि त्यामुळे नकला करण्याचा मोहही मोठा आहे. खासगी पत्रांवर त्या पतीच्या आडनावाने, मॅलोवन अशीही सही करत, आणि ही गोष्ट माहीत नसल्याने कधी खरी पत्रे दुर्लक्षित राहतात. घ्यायचीच झाल्यास ती जुन्या, नामांकित पुस्तकविक्रेत्याकडून, पूर्वीच्या मालकांच्या लेखी नोंदीसह घ्यावी. ब्रिटनमधील अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशन ही १९०६ पासूनची संघटना आहे. स्वाक्षऱ्यांच्या व्यापाऱ्यांची आफ्टाल ही संस्थाही आहे. सदस्यत्वामुळे चूक होणारच नाही असे नाही, पण तक्रार करायला जागा मिळते. ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ मात्र कोणीही संगणकावर छापू शकतो. ते कोणी दिले, आणि वस्तू खोटी ठरल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी त्यात आहे का, एवढेच पाहावे. त्याऐवजी निर्माते पीटर साँडर्स यांच्या सहीपासून सुरुवात करता येईल. त्यांनी १९९४ पर्यंत हे नाटक सांभाळले आणि १९७२ मध्ये आत्मचरित्र लिहिले. या नाटकाच्या टिकण्यात त्यांचा वाटा कोणत्याही नटापेक्षा कमी नाही.

सहावी पायरी: नोंद आणि जतन

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो मऊ पेन्सिलीने, मागील बाजूच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने लिहावा. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे प्रयोगाची तारीख आणि क्रमांक, नाट्यगृह, स्वाक्षऱ्या आणि भूमिका, वस्तू कोणाकडून व किती रकमेला मिळाली, आणि मूळ पावती कोठे आहे, हे लिहावे. तर्काने काढलेली तारीख ‘हिशेबाने’ अशी वेगळी दाखवावी, म्हणजे पुढच्या माणसाची दिशाभूल होणार नाही.

मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात जुना ब्रिटिश कागद फार लवकर खराब होतो. लॅमिनेशन कधीही करू नये. ते काढता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पीव्हीसी पाकिटांतून निघणारे रसायन शाई ओढून घेते, म्हणून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे आणि आम्लरहित पुठ्ठा वापरावा. पत्रिकांच्या पिना गंजतात. गंज दिसू लागला तर पिना ओढून न काढता जाणकाराकडून सोडवून घ्याव्यात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात, पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि कसर व बुरशी यांसाठी पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहणी करावी. भिंतीवर लावायची असेल तर मूळ वस्तूऐवजी तिची रंगीत प्रत लावावी, कारण मार्करची शाई उजेडात फिकी पडत जाते आणि ती परत आणता येत नाही.

शेवटची दक्षता

प्रयोगाच्या अखेरीस, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते, आणि संग्राहकालाही ती लागू आहे. अभिनेत्यांनी टिपणे केलेली संहिता, शेवटच्या प्रवेशाची स्वाक्षरी असलेली छायाचित्रे, ‘तुमचा लाडका खुनी’ अशा थट्टेने केलेल्या सह्या यांत रहस्य उघडे पडते. अशा वस्तू पाहुण्यांना दाखवण्याआधी त्यांनी नाटक पाहिले आहे का, हे विचारावे. त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना तो भाग झाकावा. आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे एक ठरावीक खूण करून त्या निराळ्या पाकिटात ठेवाव्यात, म्हणजे संग्रह उद्या दुसऱ्याच्या हाती गेला तरी कोणते पाकीट कोणासमोर उघडू नये, हे त्याला कळेल.